पुलाची नाडी कोण पाहणार?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



अकोल्याच्या माणसाला गांधीग्रामचा पूल वेगळा सांगावा लागत नाही. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी राजराजेश्वराच्या अभिषेकासाठी कावडी निघतात, त्या गांधीग्रामला. पूर्णेच्या पाण्याने भरलेल्या घागरी खांद्यावर घेऊन सुमारे १८ किलोमीटर चालत शिवभक्त अकोल्यात येतात. अकोला–अकोट रस्ता याच गावाजवळ पूर्णा नदी ओलांडतो. इंग्रजांच्या अमदानीत बांधलेल्या तिथल्या पुलाने नव्वदी पार केली होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याला तडे गेल्याचे आढळले आणि पूल वाहतुकीला बंद करण्यात आला.

पूल बंद होणे म्हणजे काय, हे अकोट तालुक्याला त्या दिवसापासून कळले. कापूस, केळी, संत्री घेऊन निघालेल्या गाड्या, अकोल्याच्या दवाखान्यात यायचा रुग्ण, कॉलेजात येणारी मुले, एस.टी.चे प्रवासी, सगळ्यांच्या वाट्याला लांबचा फेरा आला. नोव्हेंबरात अकोला–अकोट रेल्वेगाडी सुरू झाली, तिचा थोडा आधार झाला. पुढे शेजारीच कमी उंचीचा पूल करून रस्ता जोडला गेला, पण पूर्णेला पूर आला की तो पाण्याखाली जाई. वऱ्हाडातल्या माणसाला रपट्यावरचे पाणी नवे नाही. पण जिल्ह्याच्या मुख्य रस्त्यावर पुन्हा रपट्याच्या काळात जाणे कोणालाही जड जाते.

तरीही गांधीग्रामची गोष्ट मी सुदैवाची मानतो. ती का, हे कळण्यासाठी महाडची आठवण काढावी लागेल. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मुंबई–गोवा महामार्गावरचा सावित्री नदीवरचा पूल पुरात वाहून गेला. १९२८ साली बांधलेला तो दगडी पूल होता. एस.टी.च्या दोन बसगाड्या आणि इतर वाहने अंधारात थेट नदीत गेली. सुमारे ४० जणांचे प्राण गेले. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची तपासणी झाली होती आणि तो वाहतुकीस योग्य असल्याचा निर्वाळा मिळाला होता, असे तेव्हा विधिमंडळात सांगण्यात आले. दोन्ही पूल साधारण एकाच पिढीतले. एक वेळेवर बंद केला, म्हणून माणसे वाचली. दुसरा बंद व्हायच्या आधीच गेला.

पण बंद करून जीव वाचवणे ही शेवटची पायरी झाली. घरातला म्हातारा माणूस खाली कोसळल्यावर त्याला उचलून दवाखान्यात नेणे आवश्यकच असते. पण दोन वर्षे आधी त्याचा रक्तदाब मोजला असता, तर कदाचित ती वेळ आली नसती. गांधीग्रामचा पूल थकत चालला आहे हे आकड्यांनी दोन-तीन वर्षे आधी सांगितले असते, तर शेजारी नवा पूल उभा राहीपर्यंत जुन्यावरची जड वाहने कमी करता आली असती, दुरुस्ती करता आली असती, आणि अकोटकरांना एका दिवसात रस्ता हरवल्याचा धक्का बसला नसता. पूल पडण्याच्या आधी त्याची लक्षणे ओळखणे, ती सतत मोजत राहणे आणि त्यावरून दुरुस्तीची वेळ ठरवणे, हा आजचा विषय आहे. इंग्रजीत त्याला मोठमोठी नावे आहेत. आपण त्याला पुलाची नाडी पाहणे म्हणू.

आधी पूल आजारी कशाने पडतो, ते पाहू. आपल्या भागात मला चार कारणे मुख्य दिसतात.

पहिले कारण पाणी, आणि तेही पुलाच्या पायाशी. पूर आला की खांबाला अडलेले पाणी भोवरा घेते आणि बुडाशी नदीचे पात्र खरवडून काढते. पूर्णेच्या खोऱ्यात गाळाचे थर फार खोल आहेत. खडक सहज हाती लागत नाही. गाळात उभ्या असलेल्या खांबाला ही खरवड घातक ठरते. यातली फसवी गोष्ट अशी, की पूर ओसरताना तोच खड्डा नव्या सैल गाळाने भरून येतो. दसऱ्यानंतर साहेब पाहणीला येतात तेव्हा पात्र सपाट दिसते. खड्डा होता कधी, किती खोल होता, हे त्या रात्री मोजले नसेल तर कोणालाच कळत नाही. त्यात जवळपास वाळूचा उपसा होत असेल तर पात्र आणखी खाली जाते. पुलाजवळ वाळू काढायला बंदी आहे ती याच कारणासाठी.

दुसरे कारण खारे पाणी. अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांतून पूर्णेच्या काठाने पसरलेला खारपाणपट्टा आपल्याला पिण्याच्या पाण्यामुळे ठाऊक आहे. पण हे खारेपण काँक्रीटमधल्या लोखंडालाही सोसत नाही. क्षारातले क्लोराइड काँक्रीटमधून हळूहळू आत झिरपते आणि सळईला गंज चढू लागतो. गंज मूळ लोखंडापेक्षा किती तरी जास्त जागा घेतो, त्यामुळे आतून दाब येऊन काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. म्हणूनच सळया असलेल्या काँक्रीटसाठी वापरायच्या पाण्यात क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमहून अधिक नसावे, असा भारतीय मानकाचा दंडक आहे. खारपाणपट्ट्यातल्या बोअरचे पाणी न तपासता बांधकामाला वापरणे म्हणजे दुखणे जन्मापासून अंगात सोडणे. गंज काय करतो याचे उदाहरण गोव्यात आहे. पणजीचा मांडवी नदीवरचा जुना पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, तेव्हा त्याचे वय जेमतेम पंधरा-सोळा वर्षांचे होते. आतल्या ताणलेल्या पोलादी तारा गंजल्या होत्या. म्हातारा पूलच धोकादायक असतो, ही समजूत त्याने खोटी ठरवली.

तिसरे कारण ऊन. अकोल्याचा मे महिना काय असतो, ते मी अकोलेकरांना सांगायला नको. तीस मीटर लांबीचा काँक्रीटचा गर्डर हिवाळ्यातल्या पहाटेपेक्षा तीस अंशांनी तापला, तर तो साधारण एक सेंटिमीटरने लांबतो. त्याला हलता यावे म्हणून खाली बेअरिंग आणि दोन गाळ्यांच्या मध्ये फट ठेवलेली असते. त्या फटीत माती, खडी, डांबर जाऊन बसले, बेअरिंग गंजून घट्ट झाले, की लांबायला जागा उरत नाही. मग गर्डर खांबालाच ढकलू लागतो. वर्षातून एकदा नव्हे, रोज दुपारी.

चौथे कारण ओझे. जुने पूल बांधले तेव्हा त्यांच्यावरून बैलगाड्या, टांगे आणि हलक्या मोटारी जात होत्या. आज तिथून सिमेंटचे, गिट्टीचे, सळयांचे ट्रक जातात, आणि त्यांतले काही परवान्यापेक्षा जास्त भरलेले असतात. पोलादी पुलाच्या बाबतीत सर्वसाधारण हिशेब असा, की एकेका वाहनाने येणारा ताण दुप्पट झाला तर थकव्याने होणारे नुकसान सुमारे आठपट होते. दोन टन जास्त भरून वाचवलेले भाडे पुलाच्या आयुष्यातून वजा होत असते.

आता नाडी पाहण्याचा भाग. आपल्या आया-आज्या बाजारात मडके घेताना बोटाने वाजवून घेत. खणखणीत वाजले तर पक्के, भद वाजले तर कुठेतरी चीर. पुलाचेही तसेच आहे. प्रत्येक गाळ्याचा स्वतःचा एक ठेका असतो. तीस मीटरचा गाळा ट्रक गेल्यावर सेकंदाला साधारण तीन-चार वेळा बारीक थरथरतो. आपल्याला ते जाणवते न जाणवते, पण गर्डरला बसवलेले लहानसे कंपनमापक यंत्र ते नेमके मोजते. गाळ्याचा ताठपणा दहा टक्क्यांनी कमी झाला, तर हा ठेका सुमारे पाच टक्क्यांनी मंदावतो. म्हणजे तडा डोळ्याला दिसण्याआधी ठेका बदललेला असू शकतो.

अशी आणखी काही यंत्रे आहेत. तापमान आणि ताण मोजणारी पट्टी गर्डरला चिकटवतात. तड्यावर बसवलेले यंत्र त्याची रुंदी मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत सांगते. कल मोजणारे यंत्र खांबाच्या माथ्यावर बसवतात. दहा मीटर उंचीचा खांब एका अंशाच्या दहाव्या भागाइतका कलला, तर त्याचा माथा पावणेदोन सेंटिमीटर सरकतो. रस्त्यावरून जाणाऱ्याला ते दिसणार नाही, पण यंत्राला लगेच कळेल. पाण्याची पातळी मोजणारे यंत्र पुलाखाली टांगता येते. ही सगळी सौर पट्टीवर चालतात आणि मोबाइलच्या जाळ्यातून आकडे कार्यालयात पाठवतात.

मात्र एखादा आकडा एकट्याने काही सांगत नाही. तडा किती रुंद आहे यापेक्षा तो किती वेगाने रुंदावतो आहे, हे महत्त्वाचे. तीन वर्षांत केसभर वाढलेला तडा आणि तीन महिन्यांत तेवढाच वाढलेला तडा, दोघांवरचा इलाज एक नाही. शिवाय उन्हाने, थंडीनेही ठेका थोडा बदलतो. म्हणून यंत्रे बसवल्यावर किमान एक पूर्ण वर्ष, तिन्ही ऋतूंत, पुलाची निरोगी अवस्था नोंदवून घ्यावी लागते. मग संगणक रोजच्या आकड्यांतून उन्हाचा परिणाम वजा करतो आणि उरलेला कल दाखवतो. तोच कल पुढे वाढवून पाहिला की बेअरिंग याच उन्हाळ्यात बदलावे की आणखी तीन वर्षे थांबले तरी चालेल, याचा अंदाज बांधता येतो. भाकीत म्हणतात ते एवढेच. पंचांग पाहण्यापेक्षा हे काम डॉक्टरच्या तक्त्यासारखे आहे.

यातले काही आपल्या राज्यात नवे नाही. कोकण रेल्वेने काळ, सावित्री आणि वाशिष्ठी या तीन नद्यांवरच्या पुलांवर पाणी धोक्याच्या पातळीला पोहोचताच इशारा देणारी यंत्रणा बसवली आहे. यात सावित्रीचे नाव आहे, हे लक्षात घ्या. रेल्वेची शिस्त तर त्याहून जुनी. आपल्या बडनेऱ्यावरून जाणारा मुंबई–नागपूर लोहमार्ग १८६७ साली नागपूरला पोहोचला. रेल्वेच्या प्रत्येक पुलाला क्रमांक असतो, तो पुलावर रंगवलेला असतो, आणि वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी व पावसाळ्यानंतर, त्याची तपासणी होऊन नोंद होते. रस्त्यावरच्या पुलांसाठी केंद्र सरकारने २०१६ च्या ऑक्टोबरात अशीच देशव्यापी नोंद सुरू केली आणि राष्ट्रीय महामार्गांवरच्या प्रत्येक पुलाला ओळख क्रमांक दिला. ही सुरुवात चांगली होती. तीच शिस्त राज्यमार्गावर, जिल्हा मार्गावर आणि जिल्हा परिषदेच्या रस्त्यावरच्या लहान पुलापर्यंत उतरली पाहिजे.

बाहेरच्या देशांतही शिस्त अपघातानंतरच आली. अमेरिकेत १९६७ च्या डिसेंबरात ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज कोसळून ४६ माणसे गेली. त्याचे मूळ एका पोलादी दुव्यातल्या बारीक चिरेत सापडले. त्यानंतर तिथे पुलांच्या नियमित तपासणीचा राष्ट्रीय दंडक आला. तरीही २००७ साली मिनिआपोलिसचा पूल पडला आणि १३ जण दगावले. त्या पुलाचे जोडपत्रे मुळातच कमी जाडीचे होते आणि काही वाकलेलेही होते. हे वाकणे काही वर्षे आधीच्या छायाचित्रांत स्पष्ट दिसत होते. छायाचित्र होते, पण ते पाहून प्रश्न विचारणारा कोणी नव्हता. त्याच जागी २००८ मध्ये उभ्या राहिलेल्या नव्या पुलात तीनशेहून अधिक सेन्सर बसवले आहेत.

इथे मला एक सावधगिरीची गोष्ट सांगायची आहे. यंत्र बसवले म्हणजे पूल सुरक्षित झाला, असे कोणी समजू नये. थर्मामीटरने ताप उतरत नाही. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा पादचारी पूल १४ मार्च २०१९ रोजी कोसळला. त्याआधीच्या संरचनात्मक तपासणीत तो किरकोळ दुरुस्ती पुरेल अशा पुलांत गणला गेला होता. इटलीत जेनोवा शहरातला पूल २०१८ च्या ऑगस्टात पडला आणि ४३ माणसे गेली. त्याच्या मजबुतीकरणाची योजना तयार होती, काम तेवढे सुरू व्हायचे होते. पुण्याजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल १५ जून २०२५ रोजी माणसांच्या गर्दीने कोसळला. तो धोकादायक आहे हे ठाऊक होते, तसा फलकही होता. चार जणांचा जीव गेला. या तिन्ही ठिकाणी दुखणे वेगवेगळे, पण धडा सारखा: मोजणे, समजणे आणि कृती करणे, या साखळीतली एक कडी तुटली की बाकीच्या कड्या निरुपयोगी ठरतात.

म्हणून यंत्राच्या आधी मी तीन प्रश्न विचारीन. आकडे रोज कोण पाहणार? धोक्याचा आकडा आला तर पूल बंद करण्याचा अधिकार त्या क्षणी कोणाला आहे? आणि दुरुस्तीचा पैसा त्याच वर्षी मिळणार आहे का? रात्री अकरा वाजता पाणी पातळी ओलांडते तेव्हा फाइल वर पाठवून मंजुरीची वाट पाहता येत नाही. पातळी कोणती, हे आधी ठरलेले असावे, ती खांबावर लाल रंगाने रंगवलेली असावी, आणि पाणी तिथे पोहोचताच अडथळा आडवा टाकण्याचा अधिकार जवळच्या पोलीस चौकीला किंवा रस्त्याच्या मुकादमाला असावा.

पैशाचा मुद्दा निघतोच. डी सिटर नावाच्या अभियंत्याने १९८४ साली काँक्रीटच्या बांधकामाबद्दल एक ठोकताळा मांडला. बांधतानाच नीट काम करायला जिथे एक रुपया लागतो, तिथे ते टाळल्यास गंज सुरू होण्याआधीच्या देखभालीला पाच, गंज सुरू झाल्यावर दुरुस्तीला पंचवीस आणि पार बिघडल्यावर सव्वाशे रुपये लागतात. आकडे तंतोतंत धरू नका, पण चढण खरी आहे. वऱ्हाडीत सांगायचे तर, धुऱ्यावरचे तण वेळेवर काढले नाही तर पुढे पूर्ण वावर निंदावे लागते.

मग करायचे काय? सगळ्याच पुलांवर महागडी यंत्रे बसवणे शक्य नाही आणि गरजेचेही नाही. आधी पुलांची निवड करावी. खोल गाळात पाया असलेले जुने पूल, खारपाणपट्ट्यातले काँक्रीटचे पूल आणि ज्यांना जवळ दुसरा पर्याय नाही असे पूल, हे पहिल्या रांगेत यावेत. अमरावती–परतवाडा रस्ता आसेगावजवळ पूर्णा ओलांडतो, महामार्ग काटेपूर्णा ओलांडतो, बाळापूरला मन नदी आहे. अशा प्रत्येक ठिकाणी पूल गेला तर किती गावे तुटतील, याचा हिशेब मांडला की क्रम आपोआप लागतो. शहरातले उड्डाणपूलही विसरू नयेत. अमरावतीत राजकमल चौकाजवळचा रेल्वेवरचा जुना उड्डाणपूल २०२५ मध्ये बंद करावा लागला, तेव्हा शहराचे दोन भाग कसे दुरावले, ते अमरावतीकरांनी अनुभवले.

बाकीच्या पुलांसाठी साधी साधने पुरतात. हातोडा, दोरी, ओळंबा, मोबाइलचा कॅमेरा आणि वही. दर वर्षी त्याच जागी उभे राहून, त्याच कोनातून काढलेले छायाचित्र ही स्वस्तातली मोठी नोंद आहे. प्रत्येक पुलाची एक आरोग्यपत्रिका असावी; बांधल्याचे साल, पायाची खोली, झालेल्या दुरुस्त्या, मोठ्या पुरांच्या तारखा, सगळे त्यात. आज अनेक जुन्या पुलांचा पाया किती खोल आहे, हे सांगणारा कागदच सापडत नाही. अधिकारी बदलून जातो आणि त्याच्याबरोबर पुलाची आठवणही जाते. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ पासून आहे, शेगावला, बडनेऱ्याला महाविद्यालये आहेत. दर वर्षी शेवटच्या वर्षाच्या मुलांच्या गटांनी एकेक पूल दत्तक घेऊन मोजला, तर पाच-सात वर्षांत जिल्ह्यातल्या मोठ्या पुलांची पत्रिका तयार होईल. मुलांना खरे काम शिकायला मिळेल आणि खात्याला फुकटची नोंद.

आणि श्रोतेहो, थोडे काम आपलेही आहे. कठड्याची रेघ सरळ असते. ती कुठे वाकलेली, खचलेली दिसली तर खालचा खांब हलला असण्याची शक्यता असते. पुलाच्या सांध्यावर गाडी पूर्वीपेक्षा जास्त आदळू लागली, दगडांच्या सांध्यातून पिंपळाचे किंवा उंबराचे रोप वर आले, पाणी नळीतून न पडता भिंतीतून पाझरू लागले, खालून काँक्रीटचा पापुद्रा पडून सळई उघडी दिसली, पुरानंतर खांबाजवळ पात्र खोल गेलेले दिसले, तर तारखेसह छायाचित्र काढा आणि बांधकाम विभागाला किंवा ग्रामपंचायतीला लेखी द्या. पोच घ्या. एस.टी.चा चालक, गुरे घेऊन पुलाखालून जाणारा गुराखी आणि नदीकाठचा शेतकरी, यांच्याइतक्या वेळा कोणताही अभियंता पूल पाहत नाही.

आज नवे पूल शंभर वर्षांचे आयुष्य धरून आखतात. पण गुजरातमध्ये महीसागर नदीवरचा गंभीरा पूल ९ जुलै २०२५ रोजी तुटला, तेव्हा तो चाळीस वर्षांचाच होता. कागदावरचे आयुष्य पुलाला आपोआप मिळत नाही. ते दर वर्षी थोडे थोडे द्यावे लागते. पावसाळा संपला की नदी उतरते, खांबांचे पाय उघडे पडतात. तपासणीचे खरे दिवस तेच. तुमच्या गावाजवळच्या पुलाची या वर्षी तपासणी झाली का, आणि तिच्यात काय लिहिले आहे, एवढे विचारायला प्रत्येक ग्रामसभेला हक्क आहे. तो प्रश्न या वर्षीच्या ग्रामसभेत जरूर विचारा.